दुधाचा दात मुळासकट पडला: परत बसवायचा नाही, पण विसरायचाही नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी पावणेतीन वर्षांची. रविवारी संध्याकाळी ओल्या लादीवरून घसरली, तोंड पलंगाच्या कडेवर आपटलं आणि वरचा समोरचा एक दात मुळासकट बाहेर आला. सासूबाईंनी तो लगेच दुधात घातला आणि तासाभरात तुम्ही जवळच्या दंतवैद्यांकडे पोचलात. त्यांनी एक्स-रे काढला, जखम साफ केली आणि ‘हा दात परत बसवायचा नसतो’ असं सांगून घरी पाठवलं. आता नात्यातलं कुणी म्हणतंय की इतक्या वेळेत नेला होता तर बसवायलाच हवा होता, डॉक्टरांनी टाळाटाळ केली. तुम्हाला विचारायचंय की यातलं खरं काय, पुढे येणारा कायमचा दात नीट येईल का, आणि तोवर खोटा दात लावून घ्यावा का.

डॉक्टरांनी केलं ते पूर्णपणे बरोबर आहे. दुधाचा दात मुळासकट बाहेर आला तर तो परत बसवत नाहीत. दातांच्या इजांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हेच स्पष्ट लिहिलेलं आहे. तुम्ही उशीर केला नाहीत आणि कुणी टाळाटाळही केली नाही. तो दात वाचवण्यासारखा नव्हता, कारण वाचवायचा असतो तो दुसराच दात, हाडात वर बसलेला आणि अजून कुणाला न दिसणारा.

वरच्या पटाशीच्या कायमच्या दाताचं कठीण आवरण बाळ तीन-चार महिन्यांचं असल्यापासून तयार व्हायला लागतं आणि दिसणारा सगळा भाग पुरा व्हायला चार-पाच वर्षं लागतात. म्हणजे तुमच्या मुलीचा तो दात आत्ता अर्धामुर्धा घडलेला आहे. तो दुधाच्या दाताच्या मुळाच्या मागच्या बाजूला, टाळूकडे, असतो आणि दोघांमध्ये हाडाचा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा पडदा असतो. दात निघून गेल्यावर त्या खाचेत रक्ताची गुठळी भरते. आता पडलेला दात पुन्हा दाबून आत सरकवला तर गुठळी आणि तिच्यासोबतची घाण वर ढकलली जाते आणि मुळाचं टोक सरळ त्या कोवळ्या अंकुरावर जाऊन बसू शकतं. पडण्याचा मार अंकुराने एकदा सोसलेला असतो, बसवताना आपण त्याला दुसरा मार देऊ.

त्यातूनही दात बसलाच तर पुढे काय होतं तेही पाहा. त्याची नस तुटलेलीच असते, त्यामुळे आत जंतू वाढून पू होण्याची शक्यता मोठी. तो पू पुन्हा त्याच अंकुराशेजारी. दात टिकावा म्हणून शेजारच्या दातांना तारेने बांधावा लागतो, मग मुळाचा उपचार करावा लागतो, आणि हे सगळं पावणेतीन वर्षांच्या मुलीला खुर्चीत धरून. बांधलेला दात सैल होऊन झोपेत श्वासनलिकेत जाण्याचा धोका वेगळाच. इतकं करून मिळणार काय, तर फार तर चार वर्षं टिकणारा एक दात. काही ठिकाणी असे दात बसवल्याच्या एकेकट्या नोंदी प्रसिद्ध झालेल्या आहेत, नातेवाइकांनी तसं काही वाचलं असेल. पण एखादा दात टिकला म्हणून ती पद्धत शहाणपणाची ठरत नाही. माझ्याकडे असं मूल आलं तर मीही बसवत नाही, आणि माझ्या स्वतःच्या मुलाचा दात असता तरी बसवला नसता.

सासूबाईंचं मात्र मनापासून कौतुक करा. दात दुधात घालायचा हे त्यांना सुचलं, ते चुकीचं नव्हतंच. तो नियम कायमच्या दातासाठी आहे, आणि तिथे तो दात वाचवणारा नियम आहे. घाबरलेल्या घरात कुणी दात दुधाचा की कायमचा याचा विचार करत बसत नाही. दुधात घालून डॉक्टरांकडे न्यायचा आणि निर्णय त्यांच्यावर सोडायचा, यात काहीच नुकसान नाही. नुकसान होतं ते दुधाचा दात घरीच दाबून बसवला तर.

दोन्हींतला फरक ओळखता यावा म्हणून सांगते. पाच वर्षांखालच्या मुलाचा समोरचा दात दुधाचाच असतो, असं धरून चाला. सहाव्या वर्षाच्या आसपास खालचे समोरचे दोन आणि सात-आठच्या दरम्यान वरचे समोरचे दोन कायमचे दात येतात, त्यामुळे खरा गोंधळ सहा ते आठ या वयात होतो. दुधाचा वरचा पटाशीचा दात साधारण साडेसहा मिलिमीटर रुंद, पांढराशुभ्र आणि कडेला गुळगुळीत असतो. कायमचा साधारण साडेआठ मिलिमीटर, जरा पिवळसर, आणि नवा आलेला असेल तर त्याच्या धारेवर तीन छोटे उंचवटे दिसतात. ‘मूळ दिसतंय, म्हणजे कायमचाच असणार’ ही फार पसरलेली समजूत आहे, ती चुकीची आहे. दुधाच्या दातालाही चांगलं लांब मूळ असतं. सहा-सात वर्षांचा झाल्यावर तो आपोआप पडतो तेव्हा मूळ झिजून गेलेलं असतं, म्हणून आपल्याला नुसती टोपी दिसते. तुमच्या मुलीच्या वयात मूळ पूर्ण असतं.

कायमचा दात बाहेर पडला तर एकेक मिनिट मोलाचं असतं. तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही. माती लागली असेल तर थंड दुधात किंवा वाहत्या पाण्यात काही क्षण धरून धुवायचा आणि शक्य असेल तर तिथल्या तिथे खाचेत बसवून मुलाला स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगायचं. जमत नसेल तर फ्रिजमधल्या थंड दुधात बुडवून धावत निघायचं. पाण्यात बुडवून ठेवायचा नाही आणि कागदात गुंडाळून कोरडा तर अजिबात न्यायचा नाही, कारण मुळावरच्या जिवंत पेशी सुकल्या की दात हाडाशी नीट जुळत नाही. तासाच्या आत तो जागेवर गेला पाहिजे, जितका लवकर तितका चांगला. मोठ्या भावंडांच्या आयांनी हे आत्ताच लक्षात ठेवावं. आणि दात दुधाचा की कायमचा याची शंका असेल, तर घरी बसवू नका, दुधात घाला आणि निघा.

तुमच्या बाबतीत दात हातात आला, हे फार चांगलं झालं. पुष्कळदा पालक म्हणतात, ‘दात पडला, पण सापडलाच नाही.’ अशा वेळी मला दात गेल्याचं दुःख नसतं, तो कुठे गेला याची काळजी असते. सगळ्यात जास्त वेळा घडणारी गोष्ट म्हणजे दात पडलेलाच नसतो. जोराच्या माराने तो पूर्ण हिरडीच्या आत रुतलेला असतो आणि वरून नुसती रक्ताळलेली जागा दिसते. एक्स-रेशिवाय हे कळत नाही. असा रुतलेला दात बहुतेक वेळा ओढून काढायचा नसतो, तो बहुधा सहा महिन्यांत आपणहून खाली उतरतो, कधी वर्षही लागतं. दुसरी शक्यता, दाताचा तुकडा फाटलेल्या ओठात अडकलेला असतो. ओठ सुजलेला असतो म्हणून कळत नाही आणि वरून टाके घातले गेले तर आत राहून पिकतो. तिसरी शक्यता गिळल्याची. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, काही दिवसांत तो शौचावाटे निघून जातो. त्यासाठी केळ्यांचा मारा करण्याची किंवा जुलाबाचं औषध देण्याची गरज नाही. पोटात खूप दुखलं किंवा उलट्या झाल्या तर मात्र दाखवा.

चौथी शक्यता सगळ्यात गंभीर, दात श्वासनलिकेत जाण्याची. पडल्यानंतर मुलाला एकदम ठसका लागला, खोकला थांबत नाही, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो, आवाज बसला, ओठ निळसर दिसतात, यातलं काहीही असेल आणि दात सापडत नसेल तर दंतवैद्याकडे जाऊच नका. थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, १०८ ला फोन करा. दात एक्स-रेत दिसतो, त्यामुळे छातीचा फोटो काढला की उलगडा होतो. ठसका लागून नंतर मूल शांत झालं म्हणून निश्चिंत होऊ नका. अडकलेली वस्तू नळीत खाली सरकली की खोकला काही काळ थांबतो आणि पुढे आठवडाभराने न्यूमोनिया म्हणून समोर येतो.

डोक्याचंही तसंच. तोंडाला मार लागला की सगळ्यांचं लक्ष रक्ताकडे असतं आणि डोकं विसरलं जातं. मूल क्षणभर जरी बेशुद्ध झालं असेल, पुन्हा पुन्हा उलटी होत असेल, अवेळी गुंगी येत असेल, नाकाकानातून पाण्यासारखं काही येत असेल, झटका आला असेल किंवा तोंड नीट उघडता-मिटता येत नसेल, तर दात दुसऱ्या दिवशी बघू, आधी डोकं.

रक्ताबद्दल. तोंडातलं रक्त लाळेत मिसळून दुप्पट दिसतं. स्वच्छ सुती कापड किंवा गॉज ओलं करून जागेवर दहा मिनिटं सलग दाबून धरायचं. सलग म्हणजे मध्ये उचलून ‘थांबलं का’ बघायचं नाही. वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारा पातळ पडदा फाटला असेल तर रक्त जास्त येतं, पण तो बहुतेक वेळा टाक्यांशिवायच भरून येतो. तो भरत असताना आजी, काका, शेजारी असे सगळे ओठ वर करून बघायला लागतात आणि प्रत्येक वेळी जखम नव्याने उघडते. ते थांबवा. बाहेरून ओठावर बर्फ रुमालात गुंडाळून पाच-पाच मिनिटं धरा. वीस-पंचवीस मिनिटं नीट दाबूनही रक्त थांबत नसेल, किंवा थांबून तासातासाने पुन्हा येत असेल, तर दाखवायला हवं. घरात कुणाला रक्त न गोठण्याचा आजार असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना ते आपणहून सांगा.

जखमेवर काहीही भरू नका. हळद, कॉफी पावडर, तुरटी, चुना, मशेरी, लवंगेचं तेल हे सगळं मी मुलांच्या तोंडात भरलेलं पाहिलंय. चुन्याने आणि लवंगेच्या तेलाने कोवळी त्वचा भाजते, मशेरीत तंबाखू असतो, आणि पावडरी खाचेत रुतून बसतात त्या आम्हाला खरवडून काढाव्या लागतात. स्वच्छ पाणी आणि दाब, इतकंच लागतं.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरतं. मात्रा वजनावर ठरते, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे १२ किलोच्या मुलीला एका वेळी १२० ते १८० मिलिग्रॅम. दोन मात्रांत किमान चार ते सहा तास आणि दिवसात चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय औषध मोजू नका. एकाच कंपनीच्या एकसारख्या दिसणाऱ्या बाटल्यांत पाच मिलीलिटरला १२० किंवा १२५ आणि २५० अशा वेगवेगळ्या ताकदी मिळतात, आणि ‘एक चमचा दिला’ यावरून नेमकं किती दिलं ते कळत नाही. अ‍ॅस्पिरिन मुलांना द्यायचंच नाही. प्रतिजैविक नुसता दुधाचा दात पडला म्हणून लागत नाही. जखम मोठी किंवा मातीने भरलेली असेल तर डॉक्टर ठरवतील. ते लिहून दिलं नाही म्हणून दुसऱ्याकडे जाऊन मागू नका, ही माझी कळकळीची विनंती.

दात रस्त्यावर, अंगणात, मातीत पडला असेल तर धनुर्वाताच्या लसीची तारीख बघा. आपल्या राष्ट्रीय वेळापत्रकात ती लस ६, १० आणि १४ आठवड्यांना, मग १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान आणि पुढे पाच-सहा वर्षांना असते. दीड-दोन वर्षांचा बूस्टर राहून गेलेली पुष्कळ मुलं मला सापडतात, कारण तोवर लसींचा उत्साह ओसरलेला असतो. तो झाला असेल तर बहुधा काही लागत नाही. राहिला असेल तर बालरोगतज्ज्ञांना आजच विचारा.

दात मुळासकट दिसत असतानाही डॉक्टरांनी एक्स-रे का काढला, असंही तुम्ही विचारलंय. दोन कारणं. मुळाचा एखादा तुकडा आत राहिला आहे का आणि शेजारचे दात हलले किंवा त्यांची मुळं मोडली आहेत का, हे त्याशिवाय दिसत नाही. दुसरं, आजचा एक्स-रे पुढच्या तुलनेसाठी लागतो. मुलांसाठीचा छोटा फोटो असतो, किरणांची मात्रा फार थोडी असते, त्याची धास्ती नको. तपासताना तिला खुर्चीत झोपवण्याऐवजी तुमच्या मांडीवर बसवून, डॉक्टर आणि तुम्ही गुडघ्याला गुडघे लावून, तिचं डोकं डॉक्टरांच्या मांडीवर टेकवलं असेल. ती मुद्दामची पद्धत आहे. मूल रडतं, पण आईचा चेहरा त्याला दिसत राहतो आणि अर्ध्या मिनिटात तोंड बघून होतं. पुढच्या भेटीआधी ‘त्रास दिलास तर डॉक्टर सुई टोचतील’ असं घरात कुणीही म्हणू नये. एका वाक्याने आमचं महिन्याभराचं काम वाढतं.

आणखी एक. डॉक्टर ‘कशी पडली, कधी पडली, तेव्हा कोण होतं’ असं दोनदा विचारतील. राग मानू नका. आम्हाला प्रत्येक मुलाच्या बाबतीत हे विचारावंच लागतं, कारण तोंडावरच्या काही इजा पडण्याने होत नाहीत. अजून चालायलाही न लागलेल्या बाळाचा ओठाचा पडदा फाटलेला असेल, किंवा प्रत्येक जण वेगळीच हकिगत सांगत असेल, तर आम्ही थांबून विचार करतो. कुठल्या मुलाबद्दल अशी शंका आली तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कुणीही फोन करू शकतं.

आता येत्या दिवसांबद्दल. दोन-तीन दिवसांनी खाचेवर पिवळट पांढरा थर दिसेल. तो पू नाही, जखम भरताना येणारा थर आहे, बोळ्याने पुसून काढू नका. सूज वाढत गेली, ताप आला, घाण वास यायला लागला किंवा हिरडीवर फोड आला तर मात्र तो संसर्ग समजा. पहिला दिवसभर बाटली, सिपर, स्ट्रॉ नको, ओढण्याने गुठळी निघते. कपाने किंवा वाटीने पाजा. गुरगुट्या भात, वरण, कोमट पेज, दहीभात, मऊ खिचडी, शिरा. पहिले काही दिवस शेंगदाणे, कुरमुरे, चकली नको. पण महिनाभर पातळच खायला घालत राहू नका, दुखणं थांबलं की नेहमीचं जेवण लवकर सुरू झालेलं चांगलं. पोळी आणि फळ ती बाजूच्या दातांनी तोडायला दोन दिवसांत शिकेल. बाकीचे दात त्याच रात्रीपासून घासायचे. तिथे ब्रश लागेल म्हणून घरात पंधरा दिवस तोंडच धुतलं जात नाही आणि हिरड्या सुजतात. जखमेभोवती कापसाच्या बोळ्याने क्लोरहेक्सिडीनचं अल्कोहोलविरहित ०.१ किंवा ०.२ टक्क्यांचं द्रावण आठवडाभर दिवसातून दोनदा लावा. चूळ भरायला देऊ नका, या वयात ती गिळून टाकेल.

शेजारच्या दातांकडे लक्ष ठेवा. त्यांनाही मार बसलेला असतो. काही आठवड्यांनी एखादा राखाडी किंवा काळपट दिसायला लागेल. नुसता रंग बदलला म्हणून तो काढायचा नसतो आणि मुळाचा उपचारही करायचा नसतो. काही दातांचा रंग पुन्हा फिकट होतो, काही तसेच राहून वेळेवर पडतात. हिरडीवर पुटकुळी, दुखणं किंवा दात जास्तच हलणं, यांपैकी काही असेल तरच त्या दाताला हात लावायचा.

तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते, कायमच्या दाताचं काय. खोटा दिलासा मी देणार नाही. दुधाच्या दातांना मार लागण्याचा आतल्या अंकुरावर काय परिणाम होतो याचा अभ्यास कोपनहेगनचे डॉ. जेन्स आंद्रेआसन यांनी १९७०च्या सुमारास सुरू केला आणि तेव्हापासून एक गोष्ट सारखी दिसत आली आहे. मूल जितकं लहान, तितकी अंकुराला इजा होण्याची शक्यता जास्त, कारण दात अजून घडत असतो. नुसता दात हलण्यापेक्षा रुतणं किंवा बाहेर येणं जास्त त्रासदायक. तुमची मुलगी पावणेतीनची आहे आणि दात पूर्ण बाहेर आलाय, त्यामुळे कायमच्या दातावर खूण उमटण्याची शक्यता आहे, हे धरून चाला.

पण ती खूण कसली, हे नीट समजून घ्या. बहुतेक वेळा समोरच्या दातावर एक पांढरा किंवा पिवळसर तपकिरी डाग असतो. कधी त्या जागी आवरण जरा खोलगट राहतं. हे दोन्ही कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाने, झाकता येतं, काही डाग दंतवैद्याने वरचा पातळ थर हलकेच घासला तरी फिके होतात. दात वाकडा घडणं, मूळ वाकणं असे गंभीर प्रकार कमी. आणि या क्षणी ते टाळण्यासाठी कुठलंही औषध, कॅल्शियमची गोळी किंवा टॉनिक नाही. जे व्हायचं ते मार बसला त्या क्षणी झालेलं आहे. औषधाच्या दुकानातून कुणी काही आणून दिलं तर पैसे वाचवा.

दुसरी अपेक्षित गोष्ट म्हणजे उशीर. दुधाचा दात खूप लवकर गेला की वरची हिरडी जाड आणि चिवट होते, कायमच्या दाताला वाट काढायला वेळ लागतो. शेजारचा दात सात वर्षांना आला आणि हा आठपर्यंत आला नाही तरी ते नवल नाही. मात्र एका बाजूचा समोरचा दात येऊन सहा महिने झाले आणि दुसरा नाही, किंवा त्याच्याशेजारचा बाजूचा दात आधी आला, तर एक्स-रे काढून बघायलाच हवं. कधी हिरडीला छोटासा छेद दिला की तो उतरतो. ‘येईल येईल’ म्हणत दहाव्या वर्षापर्यंत थांबलेली मुलं आली की मला वाईट वाटतं, कारण तोवर बाजूचे दात सरकून जागा गेलेली असते.

खोटा दात लावावा का? वैद्यकीय गरज नाही. जागा राखायची पट्टी लागते ती दुधाच्या दाढा लवकर गेल्या तर. समोरच्या भागात सुळे आलेले असतील तर जागा सहसा टिकते, आणि तुमच्या मुलीच्या वयात ते येऊन बसलेले असतात. बोलण्याबद्दल म्हणाल तर ‘त’, ‘थ’, ‘स’, ‘फ’ आणि ‘चमचा’तला ‘च’ काही दिवस निसटल्यासारखे ऐकू येतील. जीभ लवकर नवी जागा शोधते. बोलायला लागून वर्षभर झालेल्या मुलीला एका दाताने कायमचा दोष सहसा राहत नाही. सहा महिन्यांनीही उच्चार अडखळत असतील तर वाचाउपचारतज्ज्ञांना दाखवा, तेव्हाही दोष दाताचाच असेल असं नाही. उरतो तो दिसण्याचा प्रश्न. मागच्या दाढांना कडी बसवून समोर दात लावता येतो, पण तो स्वच्छ ठेवावा लागतो, कडीखालची दाढ किडू शकते, आणि पुन्हा पडली तर तोच तोंडात लागतो. मूल स्वतः तोंड झाकत असेल, शाळेत त्याला चिडवत असतील, तर ते चारेक वर्षांचं झाल्यावर मी तो विचार करते. घरच्यांना फोटोत बरं दिसावं म्हणून करत नाही. आणि ‘बोळकी’ म्हणून लाडाने हाक मारणाऱ्या काका-मामांना प्रेमाने पण स्पष्ट थांबवा, कारण मुलं तो शब्द मनात ठेवतात.

पडलेला दात कौलावर किंवा उंदराच्या बिळात टाकायची पद्धत असेल तर जरूर टाका, पण दुसरी भेट झाल्यावर. मूळ पूर्ण आहे का हे कुणी पुन्हा बघायचं म्हटलं तर तो हाताशी हवा.

पुन्हा असं होऊ नये म्हणून फार काही लागत नाही. या इजा दोन-तीन वर्षांच्या वयात सर्वांत जास्त होतात, कारण पाय धावतात आणि तोल यायचा असतो. लादीवर मोजे घालून पळू देऊ नका, बाथरूममध्ये रबरी चटई टाका, पलंग-दिवाणाच्या कडांना फोम लावा, तोंडात ब्रश किंवा चमचा घेऊन चालू देऊ नका. चाकांचा वॉकर घरात आणूच नका. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. स्कूटीवर मुलाला पुढे उभं करू नका, अचानक ब्रेक लागला की तोंड थेट हँडलवर आदळतं. कोकणातल्या घरी गेलात तर ओटीवरच्या झोपाळ्याच्या फळीसमोरून मुलांना फिरू देऊ नका, ती बरोबर त्यांच्या तोंडाच्या उंचीला असते. अंगठा चोखण्याने समोरचे दात पुढे आले असतील तर पडल्यावर तेच आधी लागतात, त्यामुळे ती सवय सोडवण्याचं काम याच वर्षी हाती घ्या.

पुढच्या भेटी अशा ठेवा. सहा ते आठ आठवड्यांनी एकदा, हिरडी भरली का आणि शेजारचे दात कसे आहेत ते बघायला. मग नेहमीच्या सहामाही तपासणीत त्या जागेकडे एक नजर. आणि सहा वर्षांची झाल्यावर खास कायमच्या दातासाठी. जवळ बालदंतरोगतज्ज्ञ नसतील किंवा खर्च झेपत नसेल, तर मुंबईत फोर्टचं शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर दंत महाविद्यालय, नागपूरचं आणि छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, या सगळीकडे मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. आजचा एक्स-रे, पडल्याची तारीख, कुठला दात आणि कसा पडला हे एका कागदावर लिहून लसीकरणाच्या फाईलमध्ये ठेवा. चार वर्षांनी त्या दातावर डाग दिसेल तेव्हा डॉक्टर कदाचित दुसरे असतील, आणि त्यांना पहिला प्रश्न हाच पडेल की इथे कधी मार लागला होता का.